रविवारचा वर्ग आणि कपाटातली दुनाळी

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळून)

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साठीला टेकलेले एक गृहस्थ दक्षिण नागपुरातून लिहितात. निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांनी बँकेत गनमनची नोकरी केली. त्यासाठी परवाना काढून घेतलेली बारा बोअरची दुनाळी अजून घरी आहे. नोकरी सुटून तीन वर्षं झाली. मागच्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या सोसायटीतल्या एक बाई पहाटे फिरायला निघाल्या असताना मोटरसायकलवरच्या दोघांनी त्यांचं मंगळसूत्र ओढलं. बाई फरफटत गेल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून सुभेदारसाहेब दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बायका-मुलींना स्वसंरक्षण शिकवतात. पंधरा-वीस जणी नेमानं येतात.

आता वर्गातूनच मागणी आली आहे : “काका, बंदूक तं दाखवा एकदा. हातात घेतल्याशिवाय भीती कशी जाईन?” त्यांच्या पत्नीचा याला ठाम विरोध आहे. घरात सहा वर्षांची नात आहे. ती धीट आहे, खंडेनवमीच्या पूजेला तिनं बंदुकीच्या नळीवर कुंकवाचं बोट ओढलं, असं ते कौतुकानं लिहितात. पत्राच्या शेवटी आणखी एक गोष्ट आहे. मिहान या नागपूरच्या उद्योग वसाहतीत नोकरी करणारी तेविसेक वर्षांची एक मुलगी वर्ग संपल्यावर मागे थांबली आणि रिव्हॉल्व्हरचा परवाना काढायला काय लागतं, असं विचारू लागली. आधीच्या ऑफिसातला एक जण तिला नवनव्या नंबरांवरून मेसेज करतो, मेट्रो स्टेशनबाहेर उभा दिसतो. “घरी सांगू नका काका,” एवढं म्हणून ती गेली.

ते विचारतात : ज्याला येतं त्यानंच शिकवलं नाही तर ते ज्ञान काय कामाचं? बंदूक वर्गात न्यावी का? त्या मुलीला परवान्यासाठी मदत करावी का? आणि बायको म्हणते त्यात तथ्य आहे, की ती नुसतीच घाबरते?

---

सुभेदारसाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्या मुलीचा उल्लेख चौथ्या पानावर, सहीच्या जरा वर आला आहे. मी तिथूनच सुरुवात करते. बंदुकीचं बोलायला आपल्याजवळ वेळ आहे. तिच्याजवळ तो किती आहे, ते सांगता येत नाही.

तिनं विचारलं परवान्याचं, पण सांगितलं भलतंच. एक माणूस आपल्या मागावर आहे, हे ती बहुधा पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. आईला नाही, वडिलांना नाही, तुम्हाला. का, तर रविवारी सकाळी दीड तास तुम्ही तिला सांगता की तुझ्या जिवाची किंमत आहे. तुम्ही फौजेत आयुष्य काढलेलं, तुमच्या कानानं त्यातला हत्याराचा प्रश्न आधी टिपला. ते साहजिक आहे. पण आता तो प्रश्न बाजूला ठेवून बाकीचं ऐका.

नकार दिल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क करणं, मागे फिरणं, फोनवर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ त्यासाठीच आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. अंगाला हात लावेपर्यंत थांबायची गरज नाही. पुष्कळ मुलींना वाटतं, ‘अजून तसं काही केलं नाही ना त्यानं’. हे वाटणंच तिला गप्प बसवतं. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असेल तर ते शून्य क्रमांकानं नोंदवून तिकडे पाठवतात. अशा गुन्ह्यात बाईची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते, हेही तिला सांगा. त्यानं तिचा निम्मा संकोच जाईल. नागपुरात बायकांच्या मदतीसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथेही जाता येतं. आणि तो समोर उभा दिसला आणि पोटात गोळा आला, तर कारण शोधत बसायचं नाही, सरळ ११२ लावायचा.

तिनं आज काय करावं, तेही सांगते. मेसेज पुसायचे नाहीत. नंबर ब्लॉक करण्याआधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे आणि विश्वासातल्या एका माणसाकडे पाठवून ठेवायचे. एका वहीत तो कुठे, कधी, किती वाजता दिसला ते लिहायचं. एक ठाम मेसेज करायचा : “मला तुमच्याशी कसलाही संपर्क नको आहे.” त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर नाही, शिवी नाही, समजावणंही नाही. स्टेशनच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून तक्रारीत ते जपून ठेवण्याची मागणी लेखी करायची. हा माणूस अजूनही तिच्या कामाच्या संबंधातला असेल, तर कंपनीच्या अंतर्गत समितीकडेही जाता येतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं, ती समिती असायलाच हवी. तिथे तक्रारीला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून ‘बघू नंतर’ नको.

“घरी सांगू नका” याचं काय करायचं? ती सज्ञान आहे. तिला न विचारता तुम्ही तिच्या वडिलांना फोन केलात, तर ती वर्गातून जाईल आणि पुन्हा कुणाला काही सांगणार नाही. तिला भीती त्या माणसाची आहे तेवढीच “उद्यापासून नोकरी बंद” हे ऐकण्याचीही आहे. माझ्याकडे येणाऱ्या दर तिसऱ्या-चौथ्या पत्रात ही भीती असते. मग तिला विचारा, घरात नाही तर कुणाला सांगशील? मावशी, मैत्रीण, वहिनी, कुणीही चालेल. एकटी राहू नकोस, एवढाच आग्रह धरा. आणि तुमच्या घरी बोलवाल तेव्हा काकूंना सोबत बसवा. माझा अंदाज आहे की ती जे तुम्हाला अर्धं बोलली, ते काकूंना पूर्ण बोलेल.

परवान्याचं तिला खरं-खरं सांगा. वय एकवीसच्या वर, ठीक आहे. अर्ज आपल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे जातो. पोलिसांचा अहवाल मागवला जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचीही अट घातली आहे. आणि जिवाला खरंच धोका आहे, हे दाखवावं लागतं. ते कशानं दाखवणार? पोलिसांत दिलेल्या तक्रारीनंच. म्हणजे रिव्हॉल्व्हरची वाटसुद्धा ठाण्यावरूनच जाते. ज्या पायरीला ती घाबरते आहे, ती पायरी चुकत नाही.

आणि समजा मिळाला परवाना. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हाही मला एकच दृश्य दिसलं होतं : ॲक्टिवावरची मुलगी, पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, छत्री, चार्जर आणि सगळ्यांत खाली ते. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस सार्जंट डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मोजून दाखवली होती. चाकू घेऊन धावत येणारा माणूस २१ फुटांचं अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेला उघडं पिस्तूल लावलेल्या सरावाच्या पोलिसालाही ते काढून दोन गोळ्या झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. आता २१ फूट म्हणजे किती, ते तुमच्या हॉलमध्ये टेपनं मोजून दाखवा. आणि तिला विचारा, हा माणूस शेवटचा दिसला तेव्हा किती लांब होता? सॅकची चेन उघडायला किती वेळ लागतो?

पाठलाग करणाऱ्या माणसाशी गाठ पडली की हत्याराचा आणखी एक घोर असतो. झटापटीत ते कुणाच्या हातात जाईल, याची खात्री कोण देणार?

आता तुमच्या दुनाळीकडे येते.

बंदूक वर्गात नेऊ नका. हे मी गोलमोल बोलत नाही. परवाना तुमच्या नावाचा आहे. शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे बिनपरवाना माणसाला बंदूक बाळगता येत नाही. जी सवलत आहे ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी त्याच्यासोबत ती वाहून नेण्यापुरती आहे. वीस जणींच्या हातातून ती फिरवणं त्यात कुठेच बसत नाही. उद्या काही झालं नाही तरी कुणीतरी फोटो काढेल, स्टेटसला ठेवेल आणि खुलासा तुम्हाला द्यावा लागेल.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं उत्तर तेच आहे. त्याचं कारण माझ्या आजोळच्या छपरात आहे.

माझं आजोळ उमरेडकडचं. मामांकडे रानडुकरांपासून पीक राखायला दुनाळी होती, परवान्याची, तुमच्यासारखीच. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. एका दुपारी मामा ओसरीत बाजेवर बसून बंदूक साफ करत होते. जुन्या धोतराचा तुकडा, गोडेतेलाची वाटी आणि शेजारी मांडलेली लाल काडतुसं मला अजून दिसतात. मामांनी बंदूक मधोमध उघडून उजवी नळी उजेडात धरून पाहिली. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी हाक मारली. मामा उठताना थोरल्या मामेभावाला म्हणाले, “रिकामी हाय, धर जराशी.” त्यानं ती मिटून हातात घेतली, नळी छताकडे केली, म्हणून आज मी हे लिहिते आहे. डाव्या नळीत एक काडतूस राहिलं होतं.

आवाज आठवत नाही. मला आठवतात ते कवेलूचे तुकडे, वरून पडलेली वर्षानुवर्षांची काजळी आणि त्या भोकातून सरळ शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलेला उन्हाचा कवडसा. आजी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या ओठांची नुसती हालचाल दिसत होती. त्या पावसाळ्यात तिथे घमेलं ठेवावं लागलं. कवेलू बदलायला मामांनी कुणाला बोलावलं नाही. पाणी टपटपत राहिलं आणि मामा ते ऐकत राहिले. त्यांनी तीस वर्षं बंदूक वापरली होती. ‘रिकामी आहे’ हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल आणि एकदा सोडून प्रत्येक वेळी ते खरं होतं.

तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्या उस्तादांनी हे तुम्हाला माझ्याआधी शिकवलं आहे. कॉलेजात एनसीसीत असताना आम्हा मुलींना पहिल्या पॉइंट टू टू रायफलवर गोळी द्यायच्या आधी आमच्या उस्तादांनी कितीतरी दिवस नुसतं जमिनीवर झोपवून ‘खाली कर’ करायला लावलं होतं. आम्ही वैतागायचो. ते म्हणायचे, ज्या दिवशी हात न सांगता बोल्ट मागे ओढेल त्या दिवशी गोळी मिळेल.

मग वर्गाला बंदुकीची सुरक्षितता शिकवायचीच नाही का? जरूर शिकवा. पण त्यासाठी बंदूक लागत नाही. सुताराकडून लाकडाची एक ठोकळेवजा आकृती करून घ्या, पिवळ्या रंगात रंगवा, म्हणजे लांबूनही ती खेळणंच दिसेल. तिच्यावर चार सवयी घोटून घ्या. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून वागायचं, कुणी काहीही सांगो. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, हसण्यावारीही नाही. नेम धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या आत नाही, बाहेर सरळ. आणि समोर काय आहे तेवढंच नाही, त्याच्या मागे काय आहे तेही पाहायचं, कारण गोळी भिंतीच्या परवानगीनं थांबत नाही. लग्नाच्या वरातीत हौसेनं गोळीबार करणाऱ्यांच्या ध्यानात ही चौथी गोष्टच नसते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे. तुमच्या वर्गातल्या बायकांना तेवढं माहीत असलं, तरी एखाद्या मांडवात त्या पुढे होऊन म्हणू शकतील, “दादा, ते आत ठेवा, नाहीतर आम्ही पोलिसांना फोन लावतो.” हेही बंदुकीपासूनचं स्वसंरक्षणच आहे आणि त्याची गरज त्यांना रिव्हॉल्व्हरपेक्षा लवकर पडेल.

“हातात घेतल्याशिवाय भीती कशी जाईन” म्हणणाऱ्या ताईंना माझा एक निरोप द्या. बंदुकीची भीती घालवायची घाई करू नका. ती भीती मामांच्या मनातून गेली होती. मात्र त्यांची उत्सुकता खोटी नाही, तिला वाट द्यायला हवी. बायकांच्या हातात नेमबाजी किती शोभते हे अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी महाराष्ट्राला दाखवलं आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, श्वास नीट सोडला नाही तरी तो हुकतो. ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करून मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सुरुवात करावी. तुम्ही त्यांना पहिल्या दिवशी घेऊन जा, हवं तर. तिथे भिंत आहे, नियम आहेत, हुकूम देणारा एक माणूस आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये यातलं काहीही नाही.

आता वर्गाचं. तुम्ही काय-काय शिकवता याची यादी पत्रात आहे : मनगट सोडवणं, कोपर मारणं, मागून मिठी मारली तर सुटणं, लाठीचे चार हात. चांगलं आहे. पण त्या यादीतला हल्लेखोर नेहमी अनोळखी आहे आणि नेहमी अंधारातून येतो. मंगळसूत्र ओढणारे तसेच होते, म्हणून तुमच्या मनात तेच चित्र बसलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मात्र वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. ओळखीच्या माणसाला कोपर मारायला हात उठत नाही, साहेब. आधी जीभच उचलत नाही. ‘काका असं कसं म्हणू’, ‘सर रागावतील’, ‘लोक काय म्हणतील’ यांतच तो निर्णायक मिनिट जातो.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत यावर एक नेटका प्रयोग झाला होता. जवळपास नऊशे विद्यार्थिनी. अर्ध्यांना तीन-तीन तासांच्या चार सत्रांचं प्रशिक्षण, अर्ध्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरानंतर पाहिलं, तर पत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या बारा तासांत हाताचे डाव होतेच, पण बराच वेळ दुसऱ्याच गोष्टींना दिला होता : ओळखीच्या माणसाकडूनच्या धोक्याच्या खुणा ओळखणं, ‘मला उगाच वाटतंय’ या विचारावर मात करणं, आपल्याला काय हवं-नको ते स्पष्ट बोलणं. कॅनडा म्हणजे नागपूर नाही, मान्य. पण गप्प राहायची शिकवण दोन्हीकडच्या मुलींना लहानपणापासून मिळते.

म्हणून माझं म्हणणं, पुढचे दोन रविवार डाव बंद ठेवा आणि फक्त आवाजावर काम करा. दोघींना समोरासमोर उभं करा. एकीनं हळूहळू पुढे यायचं, दुसरीनं तळहात पुढे करून पोटातून ओरडायचं, “थांबा. मागे व्हा.” पहिल्या दिवशी निम्म्या जणी हसतील, निम्म्यांचा आवाज फुटणार नाही. साठीच्या बायकांना तर स्वतःचा मोठा आवाज ऐकूनच रडू येतं, मी पाहिलं आहे. मग तेच ओळखीच्या माणसावर करायला लावा : कोचिंगचे सर, दीर, घरमालक. “हात काढा.” एवढंच. ‘प्लीज’ नाही, ‘सॉरी’ नाही, कारण नाही.

मंगळसूत्राबद्दल त्या पडलेल्या बाईंसमोरच, पण हळुवारपणे बोला. ओढ बसली की आपला हात आपोआप गळ्याकडे जातो आणि माणूस गाडीबरोबर ओढला जातो. सोडून द्यायचं, गाडीचा नंबर, रंग, हेल्मेट पाहायचं. सोनं नुसतं सोनं नसतं, हे मला ठाऊक आहे. सौभाग्याचं लेणं सोडून दे म्हणणं बाईला लागतं. पण मनगट जुळायला दीड महिना गेला असेल त्यांचा, आणि डोक्यावर पडल्या असत्या तर? फिरताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेनं चालायचं, म्हणजे मागून कुणी येत नाही. दोघी-तिघी मिळून निघायचं. आणि आता न्याय संहितेत हिसकावून चोरी हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत कैद, तेव्हा ‘साधी चोरी’ म्हणून तक्रार टाळू नये.

मिरीचा फवारा वापरू द्या, पण शिकवून. पुष्कळ जणींच्या पर्सेत मुदत संपलेली बाटली असते आणि तोंड कुठल्या बाजूला, तेही माहीत नसतं. पाण्याच्या स्प्रेनं सराव घ्या. वाऱ्याची दिशा बघायला शिकवा, लिफ्टसारख्या बंद जागेत तो आपल्याच डोळ्यांत जातो. फवारा मारला की तिथे थांबायचं नाही, पळायचं.

एक रविवार कायद्याला द्या. स्वतःच्या बचावाचा हक्क न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्यातल्या तीन गोष्टी बायकांना ठाऊक हव्यात. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला यांची वाजवी भीती असेल तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा तिच्या बाजूनं उभा राहू शकतो. त्याच वेळी, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. आणि शरीराच्या बचावाचा हक्क धोका असेपर्यंतच टिकतो. पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेल्या गोळीबद्दल कोर्ट हाच प्रश्न विचारेल की त्या क्षणी जीव धोक्यात होता का. बंदुकीवाल्या माणसाला हे जितकं नीट माहीत हवं, तितकंच चाकू पर्समध्ये ठेवणाऱ्या मुलीलाही.

शिक्षक म्हणून तुमच्यासाठी एक गोष्ट, आणि ही राग न धरता ऐका. कुणाचंही मनगट धरण्याआधी विचारा, दर वेळी विचारा. “धरू का?” आणि ती नाही म्हणाली तर पुढच्या जणीकडे जा, चेहऱ्यावर काही न दाखवता. वीस जणींत एखाद-दोन जणी अशा असतातच, ज्यांच्यावर आधीच काही गुदरलेलं असतं. मागून मिठीचा डाव सुरू झाला की त्या पाणी प्यायला जातात आणि परत येत नाहीत. एखादी धडधाकट ताई मदतनीस म्हणून तयार करा आणि प्रात्यक्षिकं तिच्यावर घ्या. ज्या वर्गात ‘नाही’ म्हणायचा सराव होतो, तिथे त्यांना तुम्हालाही ‘नाही’ म्हणता यायला हवं.

राहिल्या काकू.

तुम्ही लिहिलंत की बायको घाबरते. मी तुमच्या पत्रातलंच वाचून दाखवते : नोकरी सुटून तीन वर्षं झाली, बंदूक तेव्हापासून कपाटात आहे, आणि खंडेनवमीला नातीनं नळीवर कुंकू लावलं. तुम्हाला त्यात नातीचा धीटपणा दिसला. काकूंना दिसलं की पोरीला कपाट ठाऊक झालं. सहा वर्षांच्या मुलीसाठी ती पूजेतली वस्तू आहे, झेंडूची फुलं वाहिलेली, आजोबांची. तिला हात का लावायचा नाही, ते तिला कसं कळावं?

‘मी तिला नीट समजावलंय’ असं तुम्ही म्हणाल. मुलांना समजावलंच पाहिजे : दिसली तर थांब, हात लावू नकोस, तिथून नीघ, मोठ्यांना सांग. पण अमेरिकेतल्या अभ्यासकांनी याची पारख केली आहे. हे नियम घडाघडा म्हणून दाखवणारी मुलंही एकटी असताना समोर बंदूक दिसली की ती उचलून पाहतात. मूल ऐकत नाही म्हणून नाही, ते मूल आहे म्हणून. तेव्हा जबाबदारी कुलपाची आहे, नातीची नाही. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, किल्ल्या तुमच्या अंगावर. देवघराच्या फळीवर नाही, डाळीच्या डब्यात नाही. मुलांना ते डबे आपल्याआधी माहीत असतात.

आणि एक प्रश्न, जो काकू बहुतेक तीन वर्षं विचारू पाहत आहेत. ती दुनाळी अजून घरात कशासाठी आहे? नोकरीसाठी घेतली होती, नोकरी संपली. शेत नाही, रानडुकरं नाहीत. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, नंतर परत आणायची, मुदत आली की नूतनीकरणाच्या फेऱ्या. मला कळतं, फौजी माणसाच्या हातातून हत्यार सुटणं म्हणजे काय ते. गणवेश गेला, मग बँकेची टोपी गेली, आता ही. पण ती ठेवण्याचं कारण तुम्ही काकूंसमोर मोठ्यानं सांगून बघा. ते तुमचं तुम्हालाच पटलं, तर ठेवा, कुलपं बसवा. नाही पटलं, तर परवानाधारक विक्रेत्याला रीतसर विकता येते, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करता येते, परवाना परत करता येतो. हे ठरवताना काकूंना वर्गातल्या विद्यार्थिनीसारखं ऐका. “धरू का?” असं विचारून.

ती मिहानची मुलगी रविवारपर्यंत येणार नाही, म्हणून आजच तिला फोन करा. आणि फोन करण्याआधी एकदा कपाटाकडे जा. किल्ली कुठे ठेवली आहे, हे नातीला विचारू नका, ती कुठे-कुठे बघते ते लपून पाहा.